मालक म्हणतो "घर तुलाच देतो, कागद नंतर करू", तेव्हा भाडेकरूनं काय करायचं

मी धायरीत एका वन बीएचकेत पाच वर्षं भाड्यानं राहिलो. मालक म्हणजे आमचे काका, रिटायर्ड माणूस, त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगला राहायचे. एका दिवाळीत फराळाला बोलावलं आणि चिवडा खाता खाता म्हणाले, "तू बाहेर कशाला फ्लॅट बघत फिरतोस, हाच घे, तुला अडतीसला देतो." मला काय, आनंदच झाला. दोन लाख बँकेतून दिले, एक लाख कॅश दिली (का दिली ते विचारू नका), आणि कागद "तुळशीचं लग्न झालं की करू" म्हणून राहिला तो राहिलाच. चौदा महिन्यांनी फोन आला की काकूंचं मन नाहीये आणि मुलगा म्हणतो रेट वाढलाय.

मी वकील नाही. पण या भानगडीत दीड वर्ष घालवून जे कळलं ते खाली लिहितोय, महाराष्ट्रातल्या फ्लॅट-घराच्या हिशोबानं. तुमची केस वकिलाला दाखवाच, पण निदान काय विचारायचं ते माहीत असू दे.

आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मालकानं "देतो" म्हटल्यावर तुम्ही एकाच घरात दोन माणसं होता, एक भाडेकरू आणि एक खरेदीदार. भाडेकरूचे हक्क आज आहेत, कायद्यानं आहेत. खरेदीदाराचे हक्क अजून हवेत आहेत. आपण चूक काय करतो तर दुसऱ्याच्या भरवशावर पहिल्याला घालवून बसतो.

१. आधी बघा तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी

बोलताना सगळे "भाडेकरू"च म्हणतात, पण तुमच्या कागदावर लीव्ह अँड लायसन्स लिहिलंय का ते बघा. पुण्या-मुंबईत आजकाल ९० टक्के वेळा तेच असतं (हा आपला माझा अंदाज), अकरा महिन्यांचं. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, तुम्हाला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी आहे. मुदत संपली की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर रिकामं करून मागू शकतो आणि मुदतीनंतर राहिलात त्या काळाचं दुप्पट भाडं लागू शकतं. तिथं समन्स आल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं ऐकूनच घेत नाहीत.

जुने, पागडीचे किंवा खरेखुरे भाडेकरू असाल तर गोष्ट वेगळी. कलम १५ प्रमाणे तुम्ही भाडं देताय, द्यायला तयार आहात आणि अटी पाळताय तोपर्यंत घर रिकामं करून घेता येत नाही, आणि थकलं तरी आधी ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कायद्यात दिलेली बाकीची कारणं आहेत, म्हणजे मालकाला स्वतःला गरज वगैरे, पण ती त्याला कोर्टात सिद्ध करावी लागतात.

आणि कागदच नसेल तर? घाबरू नका. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. केला नसेल तर कुठल्या अटीवर घर दिलं याबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

२. तोंडी शब्दाची किंमत किती, हे नीट समजून घ्या

इथं दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक जण म्हणेल "तोंडी व्यवहाराला काही अर्थ नाही", दुसरा म्हणेल "पैसे दिलेत ना, मग घर तुझंच". दोघंही चूक.

आपल्याकडे विक्रीचा तोंडी करार बेकायदेशीर नाही. किंमत, मालमत्ता, दोघांची संमती हे सगळं ठरलं होतं हे दाखवता आलं तर कोर्ट तो करार पाळायला लावू शकतं, त्याला स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात. पण सिद्ध करायचं ओझं पूर्ण तुमच्यावर आणि ते लई जड असतं, सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येच एका केसमध्ये सांगून ठेवलंय की तोंडी करार म्हणणाऱ्यानं दोघांचं एकमत पक्कं झालं होतं हे ठोस पुराव्यानं दाखवलं पाहिजे. "चिवडा खाताना बोलले" एवढ्यावर होत नाही.

दुसरी बाजू अशी की मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या कराराने घरात तुमचा हक्क तयार होत नाही, लेखी असला तरी नाही. घर तुमचं होतं ते रजिस्टर्ड खरेदीखतानंच. आणि "मी ताब्यात आहे, पैसे दिलेत, मला काढता येणार नाही" हा जो बचाव लोक सांगतात तो कलम ५३-अ चा, त्याला लेखी करार लागतो आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर तो रजिस्टर्डही लागतो. म्हणजे तोंडी व्यवहारात हा बचाव विसरा.

३. भाडं बंद करू नका. नाहीच करू नका.

हा सगळ्यात मोठा सापळा आहे आणि बहुतेक लोक इथंच अडकतात, कारण मालकच गोड बोलून सांगतो की "आता कशाला भाडं, घर तर तुझंच होणारे" किंवा "देतोस ते किमतीतून वजा धरू". मग सहा महिन्यांनी व्यवहार फिस्कटला की तोच मालक म्हणतो हा माणूस सहा महिने भाडं देत नाहीये.

विक्रीचा करार झाला म्हणून भाडेकरूचं नातं आपोआप संपत नाही. २००० साली सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये संपलं असं धरलं होतं, पण तिथं लेखी करार होता आणि मालकीणबाईंनी किमतीतली बरीचशी रक्कम घेतलेली होती. २०१९ च्या दुसऱ्या निकालात स्पष्ट सांगितलं की करारात तसं लिहिलेलं नसेल किंवा दोघांचा तसा हेतू दिसत नसेल तर भाडेकरू हा भाडेकरूच राहतो. आता तुमच्याकडे तर कागदच नाही, मग हेतू दाखवणार कुठून?

म्हणून भाडं दर महिन्याला, त्याच तारखेला, बँकेतून किंवा यूपीआयनं, रिमार्कमध्ये "मार्च भाडं" असं लिहून. टोकन वेगळ्या ट्रान्सफरनं, रिमार्क "फ्लॅट खरेदी टोकन". दोन्ही एकत्र पाठवू नका, आणि डिपॉझिट टोकनमध्ये वळवायला तर अजिबात हो म्हणू नका, शेवटी ते डिपॉझिटही नाही आणि टोकनही नाही असं काहीतरी होऊन बसतं. मालक भाडं घ्यायचंच टाळायला लागला, अकाउंट बंद आहे वगैरे म्हणाला, तर ते वाईट लक्षण समजा, मनीऑर्डर करा आणि परत आली तर तिचा कागद जपून ठेवा.

भाड्याची पावती मागा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

४. लीव्ह लायसन्स रिन्यू करत राहा

माझ्या केसमध्ये इथंच चुकलं. अकरा महिने संपले, मी म्हटलं काका रिन्यू करू, तर म्हणाले "अरे कशाला हजार रुपये घालवतोस, आता खरेदीखतच करायचंय." मी पण खूष. पुढे तीन महिने मी त्या घरात कागदावर कोणीच नव्हतो! मालकानं तेव्हा कलम २४ लावलं असतं तर तिथं "आमचा तोंडी व्यवहार झालाय" या वाक्याला कोणी हिंग लावून विचारलं नसतं, कारण लायसन्सचा लेखी करार हा त्या प्राधिकाऱ्यापुढे पक्का पुरावा धरला जातो.

खर्च खरंच फार नाही. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवरचं व्याज धरून) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला एजंट घरी येतो.

५. जो "देतो" म्हणतोय त्याला द्यायचा अधिकार आहे का

टोकन द्यायच्या आधी करायचं काम, मी केलं नंतर. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा) काढला आणि बघतो तर फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर. म्हणजे काकांनी एकट्यानं दिलेला शब्द काकूंना बांधत नव्हता, आणि काकूंशी मी त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. त्यांच्या हातचा चिवडा मात्र खाल्ला होता.

काय काय बघायचं:

– इंडेक्स टू आणि आधीची खरेदीखतं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च करता येतो, दुय्यम निबंधक कार्यालयातूनही कॉपी मिळते.
– सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे, मेंटेनन्स थकलाय का.
– बंगला किंवा वाडा असेल तर प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा.
– घरावर मालकाचं लोन आहे का. असेल तर मूळ कागद बँकेत असतात, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका.
– मूळ मालक वारला असेल तर सगळे वारस. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून किती व्यवहार अडतात ते कुठल्याही वकिलाला विचारा.
– मुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल, मुलगा अमेरिकेत आणि इथं मावसभाऊ बघतोय असं असेल, तर ते मुखत्यारपत्र स्वतः वाचा, विकायचा अधिकार दिलाय की फक्त भाडं गोळा करायचा. शिवाय विकणारा एनआरआय असेल तर टीडीएस (किमतीतून कापून सरकारला भरायचा टॅक्स) एक टक्का नसतो, बराच जास्त असतो, त्यात चूक झाली तर नोटीस तुम्हाला येते.

गोव्यात घर घेत असाल तर तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्न झालेल्या मालकाच्या व्यवहारात नवरा-बायको दोघांची सही लागते, नावावर एकच असला तरी.

६. तोंडी बोलणं झालंच असेल तर आजच पुरावा करा

बोलणं कालच झालं असेल तर आज रात्री मालकाला मेसेज टाका. भांडणाचा नको, साधा (त्यातलं साठेखत म्हणजे विक्रीचा लेखी करार):

"काका नमस्कार. काल ठरल्याप्रमाणे फ्लॅट नंबर अमुक, अमुक सोसायटी, एकूण ३८ लाखाला मी घेतोय. टोकन २ लाख आज बँकेतून पाठवले. बाकी लोन मंजूर झाल्यावर, साधारण तीन महिन्यांत. साठेखत येत्या १५ तारखेपर्यंत करू. तोपर्यंत नेहमीचं भाडं चालू राहील. बरोबर ना?"

त्यावर त्यांचा "हो" आला, अगदी अंगठा आला तरी काहीतरी हातात आलं. आणि उत्तरच आलं नाही, निळ्या टिका येऊन शांतता, तर तेही तुम्हाला काहीतरी सांगतंय.

मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तर जुना फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झालाय, त्यातल्या कलम ६३ प्रमाणे चॅट किंवा रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, नुसता स्क्रीनशॉट प्रिंट करून चालत नाही.

बोलण्याच्या वेळी कोण कोण होतं त्यांची नावं, तारीख, काय बोललं ते एका वहीत लिहून ठेवा. तसंच तुम्ही पैसे द्यायला खरंच तयार होता याचा पुरावा, म्हणजे लोनचं मंजुरीपत्र, एफडी, बँक स्टेटमेंट. हे लोक विसरतात. दाव्यात तुम्हाला दाखवावं लागतं की मी सुरुवातीपासून सतत तयार होतो, मालक फिरला, मी नाही.

आणि कॅश. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागतो. त्यात २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की दाव्यात कोणी दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं तर कोर्टानं इन्कम टॅक्सला कळवायचं. म्हणजे कॅश सिद्ध करायला गेलात तर आधी ती कुठून आणली ते सांगा. माझ्या एक लाखाचं काय झालं ते पुढे सांगतो.

७. लवकरात लवकर रजिस्टर्ड साठेखत

विसार पावती (टोकन दिल्या-घेतल्याचा कागद) पाचशेच्या स्टँपवर केली की झालं असं एजंट सांगतात. काहीच नसण्यापेक्षा बरी, रजिस्टर नसली तरी स्पेसिफिक परफॉर्मन्सच्या दाव्यात करार झाला होता याचा पुरावा म्हणून दाखवता येते. पण भाडेकरूसाठी यात एक खास खोच आहे. महाराष्ट्र स्टँप कायद्यात विक्रीच्या करारासोबत ताबा दिला, किंवा आधीच दिलेला असला, तर तो करार खरेदीखतासारखाच धरून पूर्ण स्टँप ड्युटी लागते. तुम्ही तर घरातच राहताय! २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रातल्याच एका भाडेकरूची केस गेली होती, करार पन्नास रुपयांच्या स्टँपवर केलेला आणि कोर्टानं तो अडकवून ड्युटी आणि दंड भरायला लावला ते बरोबरच ठरवलं. माझा ताबा भाडेकरू म्हणून होता हा युक्तिवाद तिथं चालला नाही.

म्हणून वकिलाकडून साठेखत लिहून घ्या, त्यात भाडं खरेदीखतापर्यंत चालू राहणार की नाही, खरेदीदार म्हणून ताबा कोणत्या दिवशी, व्यवहार मोडला तर टोकन किती दिवसांत परत आणि तुमचं भाडेकरूपण तसंच राहणार, हे शब्दात लिहा. पूर्ण ड्युटी तेव्हाच भरा, खरेदीखताच्या वेळी ती परत भरावी लागत नाही. पुण्यात ड्युटी ७ टक्के, म्हणजे ३८ लाखावर २ लाख ६६ हजार (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत जास्त असेल तर तिच्यावर), नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर एक टक्का कमी. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करायचं. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा.

एवढे पैसे एकदम नाहीत म्हणून लोक साठेखत टाळतात, मीही त्यामुळेच टाळलं. तसं असेल तर मग टोकनही देऊ नका. मालकाला सांगा, लोनची तयारी करतो आणि मग एकदमच बसू.

८. मालक फिरला तर

पहिल्या रागात घर सोडू नका आणि भांडूही नका. ताबा ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढलं, कुलूप बदललं, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा करता येतो, तिथं मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. पाणी, लाइट तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे.

मग वकिलाची नोटीस. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, म्हणून स्पीड पोस्टनंच पाठवा आणि पोचल्याचा पुरावा घ्या. मुदत ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. पण तीन वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका, उशीर केला की "तुम्हाला घ्यायचंच नव्हतं" असं समोरचा म्हणतो. दाव्यात करार पूर्ण करा ही मागणी आणि तो न झाल्यास टोकन व्याजासकट परत, या दोन्ही मागण्या घाला, मागितलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही.

मालक तिसऱ्याला विकत असेल तर त्या गिऱ्हाईकाला लेखी कळवा. तसंही घरात भाडेकरू दिसत असताना तो कुठल्या हक्कानं राहतोय याची चौकशी करायची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते, "मला माहीत नव्हतं" हे सहज चालत नाही. पेपरात जाहीर नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत हरकत पाठवा. आणि दावा लावलात तर लिस पेंडन्सची (या घरावर दावा चालू आहे अशी) नोटीस दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा, बाकी बहुतेक राज्यांत नुसता दावा पुरतो पण महाराष्ट्रात ही नोंदणी लागते, वकीलसुद्धा कधीकधी विसरतात.

पोलिसांत जाऊन फसवणुकीची केस करीन असं सगळ्यांनाच वाटतं. मीही गेलो होतो. "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" एवढं ऐकून चहा पिऊन आलो.

खरं सांगायचं तर किंमत ३८ लाख, पुरावा एक बँक ट्रान्सफर आणि चार मेसेज, त्यात काकूंची संमती नाही, असा दावा वर्षानुवर्षं चालवायची माझी तयारी नव्हती. वकिलीणबाईंच्या ऑफिसात बसून मिटवलं. दोन लाख चेकनं मिळाले. कॅशच्या एक लाखाबद्दल काका म्हणाले "मी पन्नासच घेतले होते", माझ्याकडे काही नव्हतं दाखवायला, पन्नासच मिळाले. लीव्ह लायसन्स नव्यानं अकरा महिन्यांचं करून घेतलं म्हणजे दुसरं घर शोधायला वेळ मिळाला.

तुम्हीही मिटवत असाल तर चेक वटल्यावरच "व्यवहार रद्द, काही देणं नाही" यावर सही करा, आधी नाही. आणि त्या कागदात डिपॉझिटचा वेगळा उल्लेख करून घ्या, ते घर सोडताना परत मिळेल म्हणून. मी नाही केला, माझे दहा हजार अजून पेंटिंगच्या नावाखाली अडकलेत.